रेल्वेचे रक्षण, पण कोणापासून?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही शहरे कोणत्याही परदेशाच्या सीमेवर वसलेली नाहीत. तरीही या तिन्ही शहरांच्या पोटातून एक सीमा गेलेली आहे आणि लाखो श्रमिक ती दिवसातून दोनदा ओलांडतात. ही सीमा म्हणजे रेल्वेची हद्द. हद्दीच्या अलीकडे महाराष्ट्राचे पोलीस आणि महानगरपालिका. पलीकडे पाऊल पडताच केंद्र सरकारचे सशस्त्र दल. अलीकडे चुकीबद्दल जाब विचारायचा तर नगरसेवक आहे, आमदार आहे, पोलीस ठाण्यावर नेता येण्यासारखा मोर्चा आहे. पलीकडे जाब विचारायचा तो दिल्लीतील रेल्वे मंत्रालयाला. मुंबई ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले. तेव्हा कंपनीने आखलेली ही हद्द आजही कंपनीच्याच मनोवृत्तीने राखली जाते. ती राखण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्या रेल्वे सुरक्षा दलाविषयी समाजवादी चळवळीने गेल्या अनेक वर्षांत गंभीरपणे बोलणेच सोडून दिले आहे. फलाटावरचा खाकी शिपाई आणि बाहेरचा खाकी शिपाई यांत भेद तो काय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भेद मोठा आहे आणि तो समजून न घेतल्यामुळेच प्रवासी, फेरीवाले आणि रुळांलगतचे झोपडीवासी या तिघांची गाऱ्हाणी तीन दिशांना विखुरली आहेत.

सर्वांत उघड उदाहरण फेरीवाल्याचे. दीर्घ लढ्यानंतर २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. त्या कायद्याने फेरीवाल्याला प्रथमच नागरिक मानले. त्याची गणना झाली पाहिजे, त्याला प्रमाणपत्र मिळाले पाहिजे, त्याला हटवायचे तर नोटीस दिली पाहिजे आणि नगर पथविक्रेता समितीत त्याचा प्रतिनिधी बसला पाहिजे. महानगरपालिकांनी या कायद्याची काय विटंबना चालवली आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण त्याच कायद्याच्या पहिल्याच कलमात एक छोटेसे पोटकलम आहे. रेल्वेच्या मालकीच्या जमिनी, इमारती आणि गाड्या यांना हा कायदा लागू नाही, असे ते सांगते. म्हणजे डोंबिवली स्थानकाच्या जिन्याच्या खालच्या पायरीशी लिंबे विकणारी बाई कायद्याच्या दृष्टीने उपजीविका करणारी नागरिक आहे. तीच बाई टोपली घेऊन चार पायऱ्या वर चढली की रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खालील गुन्हेगार ठरते. लिंबे तीच, भाव तोच, गिऱ्हाईकही तेच. बदलते ती फक्त हद्द, आणि हद्दीबरोबर तिच्यासमोर उभा राहणारा शिपाई. तिला नोटीस मिळत नाही, तिच्या वतीने बोलणारी समिती नाही. मिळते ती दंडाची पावती, आणि दंड भरता आला नाही तर कोठडी.

या दलाचा जन्मच मुळी माणसांसाठी झालेला नाही. कंपन्यांच्या काळात मालगोदामांवर आणि यार्डांत चौकीदार असत. त्या खात्याला ‘वॉच अँड वॉर्ड’ म्हणत. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९५७ साली कायदा करून या चौकीदारीचे रेल्वे सुरक्षा दल बनवण्यात आले. त्याचे उद्दिष्ट कायद्याने स्वच्छ शब्दांत सांगितले होते: रेल्वेच्या मालमत्तेचे संरक्षण. १९६६ साली रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा कब्जाविषयी स्वतंत्र कायदा आला. त्यात चोरीचा माल ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच तो सचोटीने मिळवल्याचे सिद्ध करावे, असा उलटा न्याय आहे आणि चौकशीचे अधिकार याच दलाला आहेत. आता या कायद्याची खरी खुबी पाहावी. सामान्य पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा होत नाही. ब्रिटिशांनी केलेल्या पुराव्याच्या कायद्यातही नागरिकाला हे संरक्षण होते, कारण कबुल्या कशा मिळवल्या जातात हे ब्रिटिशांनाही ठाऊक होते. परंतु महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली निर्णय दिला की, रेल्वे सुरक्षा दलाचा अधिकारी हा त्या कलमाच्या अर्थाने ‘पोलीस अधिकारी’ नव्हे. सबब त्याच्यासमोरची कबुली ग्राह्य आहे. अंगावर गणवेश, हाती शस्त्र आणि अटकेचा अधिकार असूनही कागदावर मात्र पोलीस नाही! कल्याणच्या यार्डाच्या कडेला लोखंडाचे तुकडे गोळा करणाऱ्या भंगारवेचकाला या सूक्ष्म भेदाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

पुढे १९८५ साली, राजीव गांधींच्या राजवटीत, या कायद्यात दुरुस्ती होऊन हे दल ‘संघराज्याचे सशस्त्र दल’ झाले. ‘प्रवासी’ हा शब्द मात्र दलाच्या कर्तव्यांत यायला २००३ सालची दुरुस्ती उजाडावी लागली. ती २००४ च्या जुलैत अमलात आली. याचा अर्थ असा की, स्थापनेनंतर सेहेचाळीस वर्षे हे दल कायद्याने रूळ, डबे, कोळसा, तांब्याच्या तारा आणि पार्सले यांचे रक्षण करत होते. त्या डब्यांत माणसेही बसतात ही गोष्ट कायदेकर्त्यांच्या ध्यानी एकविसाव्या शतकात आली. आणि आली तीही कशी? त्याच वर्षी रेल्वे कायद्यात केलेल्या दुरुस्तीने दलाला त्या कायद्याखालील अनेक गुन्ह्यांत प्रवाशाला पकडून त्याच्यावर खटला भरण्याचा अधिकार दिला. रक्षण आणि खटला एकाच हाताने देण्यात आले. कल्याणच्या रेल्वे न्यायालयात यांपैकी कोणते अधिक पोचते, हे तेथे तासभर उभे राहणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला कळून येईल.

येथे कोणी म्हणेल की, रेल्वे ही केंद्राची, मग तिचे पोलीस केंद्राचे असण्यात गैर काय? राज्यघटना नेमके याच्या उलट सांगते. सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत दुसरी नोंद पोलिसांची आहे आणि घटनाकारांनी तेथे मुद्दाम रेल्वे पोलीस व ग्राम पोलीस यांचा निर्देश करून ते राज्यांचे म्हटले आहेत. रेल्वे केंद्राची राहील, पण रेल्वेतील पोलिसी राज्याची राहील, हा घटनेचा जाणीवपूर्वक केलेला निवाडा आहे. म्हणूनच ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे राज्य शासनाची लोहमार्ग पोलीस ठाणी आहेत. चोरी, मारहाण, विनयभंग, अपघाती मृत्यू यांची नोंद आणि तपास तीच करतात. त्यांचा खर्च राज्य आणि रेल्वे निम्मा निम्मा उचलतात, आणि दोघांनाही तो परका वाटत असल्यामुळे या ठाण्यांची काय दैना आहे ते तेथे फिर्याद नोंदवायला गेलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. आणीबाणीत, १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील या नोंदीला एक दावे बांधले गेले. संघसूचीत ‘२ क’ ही नवी नोंद घालून केंद्राच्या सशस्त्र दलांना राज्यांत पाठवण्याचा व त्यांच्या अधिकारांचा विषय केंद्राने स्वतःकडे घेतला. जनता राजवटीने चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीत आणीबाणीचे बरेच अवशेष धुऊन काढले. त्याच हेतूने घातलेले २५७ क हे कलमही गेले. पण ‘२ क’ ही नोंद राहिली ती राहिलीच. तुरुंगातून थेट मंत्रिमंडळात गेलेल्या नेत्यांच्या सरकारकडून ती राहून जावी, याची रुखरुख चळवळीला वाटली पाहिजे. त्यानंतर नऊच वर्षांनी रेल्वेचे चौकीदार संघराज्याचे सशस्त्र दल बनले, हा निव्वळ योगायोग मानण्याइतके भोळे कोणी नसावे.

केंद्राचे सशस्त्र बळ रेल्वेच्या हद्दीत काय करू शकते, हे समाजवाद्यांना नव्याने सांगायला नको. ८ मे १९७४ रोजी रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला. त्याच्या आधी सहा दिवस जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली होती. वाटाघाटींचे दार बंद करून इंदिरा गांधींच्या सरकारने कामगार वसाहतींत निमलष्करी दले घुसवली, संपकऱ्यांच्या बायकामुलांना क्वार्टरांतून बाहेर काढले, हजारोंना तुरुंगात टाकले आणि हजारोंना बडतर्फ केले. कामगार म्हणजे सार्वजनिक मालमत्तेचा शत्रू, हे समीकरण त्या वीस दिवसांत सिद्ध करण्याचा प्रयत्न झाला. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी पहिल्याच कामांत त्या बडतर्फ कामगारांना परत घेतले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या घातल्या. रेल्वे कोणासाठी चालते या प्रश्नाचे इतके साधे आणि इतके राजकीय उत्तर त्यानंतर फारसे कोणी दिलेले नाही.

आज त्या प्रश्नाचे उत्तर दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान शोधावे लागते. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या. दोन्ही गाड्यांच्या दारांत माणसे लोंबकळत होती. ती एकमेकांना घासली आणि धडाधड खाली पडली. किमान चौघांचा जीव गेला. मृतांत ठाण्याच्या लोहमार्ग पोलिसांचा एक तरुण शिपाईही होता. आता रेल्वे कायद्याचे कलम १५६ काढून वाचावे. टपावर, इंजिनावर किंवा पायरीवर उभे राहून प्रवास करणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. म्हणजे ज्या शिपायाने फलाटावर कायदा राखायचा, तो स्वतः नोकरी करण्यासाठी रोज गुन्हा करत होता, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या सकाळी दोन्ही गाड्यांच्या दारांत उभे असलेले सगळे गुन्हेगार! २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे जे आकडे मांडण्यात आले त्यांनुसार २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसे मेली. दिवसाला सात. माणसांची जनावरांसारखी वाहतूक होते, याबद्दल न्यायालयाने रेल्वेला खडे बोल सुनावले. एखाद्या सीमेवर दिवसाला सात माणसे मरू लागली असती तर देशात युद्धज्वर चढला असता. ठाणे-कल्याणच्या या सीमेवर मेलेल्यांच्या वाट्याला पंचनामा येतो, आणि बहुतेकदा त्या पंचनाम्यात दोष मेलेल्याचाच असतो: रूळ ओलांडत होता, दारात उभा होता, पाठीवर पिशवी होती.

रूळ ओलांडणे हा कलम १४७ चा गुन्हा. पण माणसे रूळ ओलांडतात ती हौसेने नव्हे. रुळांनी जी वस्ती दोन तुकड्यांत कापली, तिच्या एका तुकड्यात घर आणि दुसऱ्यात शाळा, बाजार, दवाखाना असतो. दिव्याच्या फाटकावरील उड्डाणपूल वर्षानुवर्षे रखडत राहिला, त्याबद्दल रेल्वेच्या वा राज्याच्या एकाही अधिकाऱ्यावर कोणत्याही कलमाखाली खटला झाल्याचे ऐकिवात नाही. याच दिव्यात २ जानेवारी २०१५ रोजी काय घडले ते आठवावे. ठाकुर्लीजवळ बिघाड होऊन गाड्या ठप्प झाल्या आणि ताटकळलेला जमाव रुळांवर उतरला. दगडफेक झाली, वाहने जळाली, लाठ्या चालल्या. हिंसेचे समर्थन कोणी करू नये. पण त्या दंगलीनंतर शांतता आली ती लाठीने आली की २०१६ च्या अखेरीस जलद गाड्यांना दिव्यात मिळालेल्या थांब्याने आली, याचा विचार रेल्वेच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी कधी केला आहे काय? जो प्रश्न वेळापत्रकाचा, डब्यांचा आणि पुलांचा आहे त्याला कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून वागवणे हा या दलाचा दोष नव्हे. तो त्याला त्या कामावर उभे करणाऱ्यांचा दोष आहे.

मुंब्र्याच्या अपघाताला पुढे एक विलक्षण वळण मिळाले. राज्याच्या लोहमार्ग पोलिसांनी तपास केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मध्य रेल्वेच्या दोन अभियंत्यांवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. रेल्वेच्या गोटात खळबळ उडाली. ६ नोव्हेंबरला रेल्वे कर्मचाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर निदर्शने करून ऐन संध्याकाळी लोकल रोखल्या. खोळंबलेल्या गाड्यांतून उतरून रुळांवरून चालू लागलेल्या प्रवाशांना सँडहर्स्ट रोडजवळ गाडीने उडवले आणि आणखी दोघे प्राणाला मुकले. कामगारांचा संताप समजण्यासारखा आहे. गर्दीचे धोरण ठरवणारे वातानुकूलित दालनांत, आणि आरोपी मात्र रुळांवर उभे राहणारे अभियंते. वरच्यांना सोडून खालच्यांना धरण्याची ही जुनीच रीत आहे. परंतु दंडवत्यांच्या परंपरेतील कोणीही असे म्हणणार नाही की, कामगारांच्या न्याय्य तक्रारीचा भार कल्याणला घरी निघालेल्या दुसऱ्या कामगारावर टाकावा. आणि एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. रेल्वेकडे बोट दाखवण्याचे धैर्य दाखवले ते राज्याच्या, तुटपुंज्या साधनांच्या पोलिसांनी. रेल्वेच्या पोटातले, रेल्वे मंत्रालयाच्या पगारावरचे आणि रेल्वेच्याच अधिकाऱ्यांना सलाम करणारे दल तसा गुन्हा कधी नोंदवू शकले असते काय? मालकाच्या चौकीदाराने मालकावर फिर्याद करावी, ही अपेक्षाच व्यर्थ आहे. रेल्वेतील पोलिसी राज्याची असावी असे घटनाकारांना का वाटले, त्याचे उत्तर या एका प्रकरणात मिळते.

असे असूनही रेल्वे सुरक्षा दलाला गुन्ह्यांच्या तपासाचे पूर्ण अधिकार द्यावेत, अशी टूम दिल्लीतून पुनःपुन्हा निघते. युक्तिवाद असा की, गाडी एका दिवसात चार राज्ये ओलांडते. फिर्याद कोणाच्या हद्दीत नोंदवायची यावर प्रवाशाची फरफट होते. फरफट होते हे खरे. ती थांबवायला कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवून ती पुढे पाठवण्याची तरतूद आहे आणि ती निष्ठेने पाळली तर बराचसा प्रश्न सुटतो. शिवाय कसाऱ्याहून किंवा कर्जतहून निघालेली लोकल महाराष्ट्राबाहेर कधी जाते? तिचा प्रत्येक प्रवासी, प्रत्येक फलाट, प्रत्येक चोर आणि प्रत्येक मृत्यू याच राज्यातला आहे. राजधानी एक्स्प्रेससाठी काढलेला तोडगा बदलापूरच्या लोकलवर लादण्याचे कारण काय? डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५० सालीच चौखंबा राज्याची कल्पना मांडताना पोलिसांविषयी स्पष्ट सांगितले होते. सैन्य केंद्राकडे, सशस्त्र पोलीस प्रांताकडे आणि बाकीचे सर्व पोलीस जिल्हा व गाव यांच्या हाती असावेत, असा तो विचार होता. आज जिल्ह्याच्या हाती काहीच नाही आणि स्थानकाच्या जिन्यावर संघराज्याची बंदूक उभी आहे.

बंदुकीने प्रवासी सुरक्षित होतो, या भ्रमालाही ३१ जुलै २०२३ च्या पहाटे तडा गेला. जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत बंदोबस्तावरील याच दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि नंतर वेगवेगळ्या डब्यांत जाऊन तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्या, असा त्याच्यावर आरोप आहे. ठाणे जिल्ह्यातील मीरा रोडच्या परिसरात तो पकडला गेला. ज्याच्या शस्त्रामुळे निर्धास्त झोपावे, त्याच शस्त्राने धर्म पाहून माणसे टिपावीत, याहून भयंकर ते काय? वर्षभराने, ऑगस्ट २०२४ मध्ये, कल्याणला लेकीकडे निघालेल्या जळगावकडील एका वृद्धाला गोमांसाच्या संशयावरून चालत्या गाडीत तरुणांच्या टोळक्याने झोडपले, त्याचे चित्रीकरण केले आणि ते पसरवले. भरल्या डब्यात कोणी आडवे आले नाही. त्या तरुणांतील काही जण पोलीस भरतीच्या परीक्षेला निघाले होते, ही बातमी वाचून ज्याच्या अंगावर काटा आला नसेल तो धन्य होय. जातीय विषाचा प्रसार फलाटाच्या हद्दीपाशी थांबत नाही, दलाच्या बराकीपाशीही थांबत नाही. दलातील शिपायांच्या मनांची मशागत कोण करते, त्यांच्या हाती शस्त्र देण्यापूर्वी काय पाहिले जाते, हे प्रश्न लोकसभेत ठाणे आणि कल्याणच्या खासदारांनी लावून धरायला हवे होते.

पण शिपाई हाच शत्रू आहे, असा या सगळ्याचा अर्थ करणे ही मोठी चूक होईल. धावत्या गाडीतून फलाटाच्या फटीत घसरणाऱ्या बाईला हात धरून ओढणारा शिपाईही याच दलाचा असतो, आणि घरातून पळून आलेल्या मुलांना हेच शिपाई फलाटावर हेरतात. ठाणे जिल्ह्यातीलच वांगणी स्थानकात एप्रिल २०२१ मध्ये रुळांवर पडलेल्या मुलाला गाडीसमोर धावत जाऊन उचलणारे मयूर शेळके हे तर साधे पॉइंट्समन होते. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी त्या मुलाला दिली. रेल्वेत माणुसकी आहे. ती खालच्या पगाराच्या श्रेणीत अधिक आढळते, इतकेच. या शिपायाची स्थिती काय आहे? कायद्याने तो अष्टौप्रहर कामावर असल्याचे मानले जाते आणि देशात कोठेही पाठवला जाऊ शकतो. १९८५ च्या त्याच दुरुस्तीने त्याला पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही कामगार संघटनेचा सभासद होण्यास मनाई केली. ३१ जुलैच्या प्रकरणातील शिपायाने बरे नसल्याचे सांगून ड्यूटीतून सुटका मागितली होती, असे त्याच्या सहकाऱ्याच्या जबाबात आल्याचे प्रसिद्ध झाले. त्यामुळे खुनाच्या आरोपाचे गांभीर्य कणभरही कमी होत नाही. पण सुटका मागण्याची जागा ज्या नोकरीत वरिष्ठाच्या मर्जीशिवाय दुसरी नाही, त्या नोकरीत शस्त्र वाटणे किती धोक्याचे आहे ते त्यावरून दिसते.

डोंबिवलीच्या सुशिक्षित प्रवाशाला हे सारे ऐकवले की तो विचारतो: मग काय फलाटावर बाजार भरवायचा? प्रश्न प्रामाणिक आहे. गर्दीच्या वेळी जिन्यावर टोपली नको, याबद्दल दुमत नाही. पण २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसे चेंगरून मेली, तेव्हा पूल अरुंद होता आणि नवा पूल कागदावर होता. त्याचा राग निघाला कोणावर? तीन आठवड्यांत ठाणे आणि कल्याण स्थानकांबाहेर एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी फेरीवाल्यांच्या पाट्या उधळल्या, त्यांना मारले. आणि नोव्हेंबरात उच्च न्यायालयाच्या आदेशाने स्थानकापासून दीडशे मीटरांत फेरीवाला नको असे ठरले. पूल बांधणाऱ्यांना मुदत नाही, टोपलीवालीला मात्र पंधरा दिवसांची! परप्रांतीय म्हणून जिला मारले ती, आणि फुकट्या म्हणून ज्याला हिणवले तो, हे दोघे मुंब्र्याच्या वळणावर एकाच डब्यात असतात. २०२२ च्या जानेवारीत मध्य रेल्वेने कळवा-मुंब्रा भागातील रुळांलगतच्या झोपड्यांना घरे रिकामी करण्याच्या नोटिसा लावल्या, तेव्हा त्या झोपड्यांत राहणारे कोण होते? स्थानके झाडणारे, रिक्षा हाकणारे, डोंबिवलीच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बाया. तेव्हा सर्वच पक्षांचे पुढारी रुळांवर धावले, कारण महापालिकेची निवडणूक डोळ्यांसमोर होती.

पथविक्रेता कायद्यातील रेल्वेला वगळणारे पोटकलम काढून टाकून स्थानकाच्या आवारातील विक्रेत्यांची गणना आणि जागांची निश्चिती महानगरपालिका, रेल्वे आणि विक्रेते यांनी एकत्र बसून करावी. पायरीवर उभे राहण्याचा गुन्हा, डब्यांची संख्या पुरेशी होईपर्यंत, उपनगरी गाड्यांपुरता स्थगित करावा. लोहमार्ग पोलिसांना राज्याने माणसे आणि साधने द्यावीत आणि उपनगरी स्थानकांवरील सारी पोलिसी त्यांच्याकडे सोपवावी. रेल्वे सुरक्षा दल यार्डे आणि गोदामे राखण्याच्या मूळ कामावर परत जावे आणि त्याच्या शिपायांना संघटनेचा हक्क मिळावा. या मागण्या नव्या नाहीत, अशक्यही नाहीत. त्यांना एकत्र बांधणारा मोर्चा मात्र अद्याप निघालेला नाही. प्रवासी संघटना फेरीवाल्यांविरुद्ध निवेदने देतात, फेरीवाल्यांच्या संघटना रेल्वेच्या हद्दीत शिरत नाहीत आणि रेल्वे कामगारांच्या मान्यताप्राप्त संघटनांना या तिघांशी देणेघेणे नाही.

काम कोठून सुरू करावे, हा प्रश्न कार्यकर्ते विचारतील. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल वगैरे केंद्राची दले माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातून वगळलेली आहेत. रेल्वे सुरक्षा दल त्या यादीत नाही. तेव्हा ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या तिन्ही ठाण्यांकडे प्रत्येकी एक अर्ज जाऊ शकतो. गेल्या पाच वर्षांत कलम १४४, १४७ आणि १५६ खाली किती जणांना पकडले, त्यांत स्त्रिया किती, दंड किती वसूल झाला, दंड न भरल्यामुळे किती जण तुरुंगात गेले. त्याच काळात प्रवाशांच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांतील किती लोहमार्ग पोलिसांकडे पाठवल्या. शिपायांची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि सलग ड्यूटीचे तास किती. अर्जाची फी दहा रुपये आहे. उत्तरे आली की ती फलाटाबाहेर, जिन्याच्या खालच्या पायरीशी, मोठ्या अक्षरांत लावावीत. ती जागा महानगरपालिकेच्या हद्दीत येते.